झुकिनीचा मांडव

पद्माबाई आणि जळबा पाईकराव यांचा शेवटचा वाद एका भाजीवरून झाला, आणि ती भाजी दोघांपैकी कुणीच जन्मात पाहिलेली नव्हती. अडतीस वर्षांच्या संसारात पाहिलेल्या गोष्टींवरून त्यांनी पुष्कळ वाद घातले होते. न पाहिलेल्या गोष्टीवरून घातलेला हा पहिलाच.

रविवार होता. २००१ सालचा ऑक्टोबर, दसरा अजून बारा दिवसांवर. सकाळी पुण्याच्या गाडीनं पार्सल आलं. जळबा एसटीच्या हिंगोली आगारातून वाहतूक नियंत्रक म्हणून निवृत्त झाले होते, आणि एसटीनं न आलेली वस्तू ही आलेलीच नाही, असं त्यांचं मत होतं. त्यामुळे पुण्यात नोकरी करणारा मुलगा प्रज्ञेश पोस्टाच्या वाटेला जात नसे. ओळखीच्या कंडक्टरच्या हाती पिशवी देई. या पिशवीत बाबांसाठी मफलर होता, बहिणीसाठी, म्हणजे राणीसाठी, रद्दीवाल्याकडची दोन पुस्तकं होती आणि आईनं मागितलेलं काकडीचं बी होतं. फक्त ते काकडीचं नव्हतं. पाकिटावर काकडीसारखंच गडद हिरवं काहीतरी होतं आणि खाली इंग्रजीत नाव. राणीनं ते वाचून दाखवलं. झुकिनी.

"ही काकडी न्हाई," पद्माबाई म्हणाल्या.

"काकडीच हाय. पुण्याची हाय म्हणून तोंड जरा येगळं दिसून राहिलं."

"मग मांडव घाला आधी."

"मांडव कशाला? हे बघ चित्र. झुडूप हाय. जमिनीवर बसलंय."

"आवं, काकडी, दोडका, दुधी, कारलं ह्या समद्या बहिणी. एक बहीण तरी खाली बसती का? येल हाय ते. मांडव लागंलच."

"कागदावर छापलेलं खोटं, अन् तू म्हणतीस ते खरं?"

"कागदावर तुमचं टाइमटेबलबी छापलेलं असायचं," पद्माबाई म्हणाल्या.

हा घाव वर्मी बसला. जळबा उठून अंगणात दोन फेऱ्या मारून आले. मग जेवताना पुन्हा बोलू लागले, आणि ज्वारीची भाकरी, ठेचा आणि झुडूप की वेल असं ते जेवण तीन वाजेपर्यंत चाललं. आतल्या खोलीत राणी पुण्याहून आलेलं पुस्तक घेऊन पडली होती. ती चौतीस वर्षांची, कॉलेजात सहायक ग्रंथपाल, आणि रविवारची दुपार हा आपला घटनादत्त हक्क आहे असं समजणारी. आईनं बाहेरून हाक मारून निवाडा मागितला तेव्हा ती "मला नाही माहीत" म्हणाली आणि तिनं पान उलटलं.

सोमवारी नळाचा दिवस होता. दर तिसऱ्या दिवशी पहाटे पाणी यायचं आणि पद्माबाई नळाच्या आधी उठायच्या. त्या दिवशी नळ आला, सुसू करत हवा सोडली, मग पाणी सोडलं. हंडा भरला, वाहिला, अंगणातून ओघळ गेटपर्यंत गेला, तरी त्या उठल्या नाहीत.

त्यापुढच्या पंधरा दिवसांबद्दल सांगण्यासारखं एवढंच, की राणीनं चहा केला. माणसं येत, जळबांसमोर बसत, "तुमचं माणूस गेलं" म्हणत आणि रडत. उठताना राणीला गाठून म्हणत, "बाबाला सांभाळ." राणी म्हणे, "हो." त्यातले काही मागं वळून हेही सांगत, की चहात साखर जरा कमी टाकत जा. प्रज्ञेश आठ दिवस राहिला. पुण्याच्या गाडीत चढताना तोही तेच म्हणाला, "ताई, बाबांना सांभाळ." साखरेचं तेवढं बोलला नाही. शेजारच्या नीलाबाई नियमानं सकाळ-संध्याकाळ येत. त्यांचा स्वभाव मायेचा, पण बोलणं असं, की ऐकणाऱ्यानं आधी काहीतरी धरून उभं राहावं.

"जोडीतलं एक गेलं की दुसरं वर्ष काढत न्हाई, राणे," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "माझ्या दिराचं बघ. जाऊबाई गेल्या पोळ्याला, अन् दीर गेले होळीला. जेवण तुटलं की समज."

जळबांचं जेवण तुटतच चाललं होतं. दोन भाकऱ्यांची एक झाली, एकीची अर्धी, अर्धीची चतकोर. ते भिंतीकडे तोंड करून खुर्चीत बसत. साखऱ्याजवळच्या तांड्यावरून बाबूसिंग राठोड येई. हा जळबांच्या कंडक्टरकीच्या काळातला ड्रायव्हर. दोघांनी सेनगावच्या गाडीवर नऊ वर्षं काढलेली. तो शेजारी खुर्ची ओढी आणि दोघं दोन-दोन तास त्या भिंतीकडे बघत, जशी काही ती काच आहे आणि पलीकडून रस्ता येतो आहे. डॉक्टर म्हणाले, शरीर ठीक आहे, मन रमवा. मन कशात रमवायचं याची चिठ्ठी मात्र त्यांनी लिहून दिली नाही. राणी ग्रंथपाल असल्यामुळे तिनं पुस्तकं आणून ठेवली. जळबांनी ती उचलून खुर्चीचा एक पाय टेकवायला वापरली.

पद्माबाईंच्या पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला, भन्तेजी येऊन गेले, आणि त्यानंतर तिसऱ्या दिवशी सकाळी परसातून कुदळीचा आवाज आला. राणी धावत गेली. जळबा खणत होते.

"काय करताय, बाबा?"

"ते बी लावून टाकू. पडून खराब हुईल."

सहा बिया होत्या. जळबांनी सहा आळी केली, एका रेषेत, सारख्या अंतरावर, आणि प्रत्येकापुढे काडीला पुठ्ठा लावून नाव लिहिलं: सेनगाव, कळमनुरी, औंढा, वसमत, जिंतूर, नांदेड. एकतीस वर्षं एसटीत काढलेल्या माणसाला बिनपाटीची जागा सहन होत नाही. सहाव्या दिवशी सेनगाव, कळमनुरी, वसमत आणि नांदेड उगवल्या. औंढा आणि जिंतूर दहा दिवस वाट पाहून रद्द करण्यात आल्या. त्या संध्याकाळी जळबांनी एक आख्खी भाकरी खाल्ली.

राणीनं हे पाहिलं, आणि तिच्या लक्षात हिशेब आला. पान फुटलं की भाकरी वाढते. कळमनुरी शेळीनं खाल्ली त्या दिवशी ते अर्धीवर आले. नांदेडला तिसरं पान आलं तेव्हा वरून भात मागितला. शहाण्या, वाचलेल्या बाईनं असल्या गोष्टीवर विश्वास ठेवू नये. पण रोज सकाळी दात घासायच्या आधी ती परसात जाऊन पानं बघू लागली, आणि एखादं पिवळं दिसलं तर गुपचूप खुडून बंबात टाकू लागली.

चौथ्या पानाला जळबा म्हणाले, "मांडव घालावा लागंल."

राणी थबकली. "तुम्ही तर झुडूप म्हणत होता."

"ती येल म्हणत होती," जळबा म्हणाले आणि टेप घेऊन मापं काढू लागले.

अडतीस वर्षांत जळबांनी बायकोचं म्हणणं कधी मान्य केल्याचं घरात कुणाच्या आठवणीत नव्हतं. साधं बाहेर ऊन आहे असं ती म्हणाली तरी ते उठून बघून येत. आता ते सगळ्यांना ठामपणे सांगू लागले, की ही झुकिनी म्हणजे वेल आहे, वेलाला मांडव लागतो, आणि हे पद्मानं आधीच सांगून ठेवलं होतं.

बाबूसिंगानं तांड्यावरून बांबू आणले, सेनगावच्या गाडीच्या टपावर टाकून. दोघांनी दोन दिवस खपून मांडव उभा केला. तो तीन रोपांच्या मानानं जरा मोठा झाला. खरं सांगायचं तर त्याखाली शंभर पान उठलं असतं. जळबांचं म्हणणं, जागा कमी पडली म्हणून गाडी मागं लावायची पाळी यायला नको.

तिसऱ्या दिवशी किशनराव आले. हे समोरचे शेजारी; जन्मभर कारकुनी करून निवृत्त झालेले, आणि आता कॉलनीच्या नवजीवन कर्मचारी गृहनिर्माण संस्थेचे सचिव. संस्थेत सचिवाला काम नसतं. ते किशनरावांनी निर्माण केलं होतं.

"पाईकराव, दुःखात हाव तुमी, बोलू नये," ते मांडवाकडे पाहत म्हणाले, "पण सभासदाला मांडव घालायचा असंल तर सात दिवस आधी अर्ज लागतो. घटनेत हाय."

"दाखवा घटना."

"मूळ प्रत परभणीला हाय. आपला जिल्हा नवा झाला तवा कागद तिकडून निघाले, ते अजून पोचायचेत."

"कोणत्या गाडीनं निघाले?" जळबांनी मनापासून विचारलं.

शेवटी अर्ज भरला गेला. छापील होता. जळबा सांगत गेले आणि राणीनं सुवाच्य अक्षरात लिहिलं. कार्यक्रमाचे स्वरूप: वेल चढविणे. निमंत्रितांची संख्या: तीन. ध्वनिक्षेपक लावणार काय: नाही. समारोपाची तारीख: फळे संपल्यावर. किशनरावांनी तो दोनदा वाचला, काही त्रुटी सापडते का बघितलं, सापडली नाही म्हणून खिन्न झाले आणि शिक्का मारला. मग नियमाप्रमाणे संस्थेच्या फळ्यावर खडूनं लिहिलं: 'श्री. जळबा पाईकराव यांच्या घरी मांडवास परवानगी देण्यात येत आहे.'

तुळशीचं लग्न दोन दिवसांवर आलं होतं. गावात जिकडेतिकडे लग्नाच्या बोलण्या. अशा वेळी ज्या घरात चौतीस वर्षांची बिनलग्नाची मुलगी आहे त्या घराच्या नावापुढे मांडव हा शब्द लिहिला, तर पुढचं लोकांना सांगावं लागत नाही.

"बरं केलं," नीलाबाई राणीचा हात हातात घेऊन म्हणाल्या. "वर्षाच्या आत उरकलं पायजे. न्हाईतर मंग तीन वर्षं थांबा."

"मावशी, तो भाजीचा मांडव आहे."

"असू दे, असू दे. समदे आधी असंच म्हणतात."

कॉलेजात शिपायानं पेढे मागितले. इतिहासाचे प्राध्यापक पुस्तक परत करताना म्हणाले, की आईच्या पश्चात लगेच हा निर्णय घ्यायला धैर्य लागतं. राणीनं त्यांना झुकिनी समजावून सांगितली. त्यांनी शेवटपर्यंत शांतपणे ऐकून घेतलं आणि विलंबशुल्क न भरता निघून गेले. तिला या सगळ्याचा राग यायला हवा होता. आला नाही. राग, लाज, रडू, असं सगळं तिनं त्या दिवसांत पुढच्या तारखेवर टाकलं होतं. नांदेडच्या बुंध्याला अळी लागली होती आणि भाकरी पुन्हा एकीवर आली होती.

नांदेड गेली. मग कॉलनीतल्या क्रिकेटच्या चेंडूखाली सेनगाव गेली. उरली वसमत. ती मात्र फोफावली. पानं सुपाएवढी, काटेरी, त्यांवर पांढरे शिंतोडे. किशनराव म्हणाले भुरी आहे, ताक मारा. नीलाबाई म्हणाल्या नजर आहे, मिरच्या ओवाळा. जळबांनी दोन्ही केलं. शिंतोडे तसेच राहिले, कारण ते तिचे जन्माचेच होते. पिवळी धमक फुलं आली. सगळं आलं. फक्त ती चढेना. त्या प्रशस्त मांडवाच्या मधोमध वसमत बूड टेकून बसली होती, लांबच्या लग्नात आलेल्या आत्याबाईसारखी, आणि वर बघायलाही तयार नव्हती.

"चढंल," जळबा म्हणत. "लेट असंल. पद्मानं सांगितलंय."

राणी ग्रंथालयात गेली. मागच्या खोलीत कुणा साहेबानं दान केलेल्या इंग्रजी पुस्तकांचं कपाट होतं. त्यात बागकामाचं एक जाड पुस्तक होतं, तीस वर्षांत कुणी नेलेलं नव्हतं. दोनशे बाराव्या पानावर झुकिनी होती. झुडूप. वेल जात नाही. आधाराची गरज नाही. फळ वीतभर झालं की लगेच तोडावं.

तिनं ते पान तीनदा वाचलं. पुस्तकावर तिचा जन्मभर विश्वास होता. आज पहिल्यांदाच तिला वाटलं, की छापणाऱ्याला थोडी दया असायला हवी होती. बाबा बरोबर होते. आणि हे त्यांना सांगणं म्हणजे, तुम्ही जिंकलात, आई हरली, आता खुर्चीत जाऊन बसा, असं सांगणं होतं. तिनं पुस्तक कपाटात सगळ्यात मागं ढकललं आणि पुढं ज्ञानकोशाचे चार खंड लावून ठेवले. ग्रंथपालाच्या हातून होऊ शकणारं याहून मोठं पाप तिला माहीत नव्हतं.

त्याच आठवड्यात रविवारी हट्ट्याहून पाहुणे आले. न कळवता. सोनाजी नावाचे एक वयस्क शेतकरी, त्यांची बायको आणि बहीण. सोनाजींचा पुतण्या वसमतला नोकरीला, बायको जाऊन दीड वर्ष झालेलं. कुणीतरी सांगितलं होतं, की पाईकरावांनी मांडव घातलाय आणि मुलगा मिळेना. राणीनं चहा केला. तो आता तिच्या हाताला इतका बसला होता, की पाहुणे दिसले की पाणी आपोआप आधणाला जाई. जळबांनी त्यांना सरळ परसात नेलं. पाहुण्यांना वाटलं, मुलगी परसात असेल.

"ही आमची वसमत," जळबा म्हणाले.

सोनाजी जन्माचे शेतकरी. ते वाकले, बुंधा चाचपला, पानाखाली पाहिलं. मग सरळ होऊन त्यांनी मांडवाकडे पाहिलं, पुन्हा झाडाकडे पाहिलं, आणि कपाळाला आठ्या घातल्या.

"पाईकराव, एक इचारू का? हे काही..."

राणी कपबशा घेऊन दारात उभी होती. सोनाजींच्या तोंडातून पुढचा शब्द कोणता येणार हे तिला दोनशे बाराव्या पानाइतकं स्पष्ट दिसलं. दहा वर्षांत तिनं अकरा स्थळं नाकारली होती, कारणं देऊन आणि न देता. तिनं ट्रे खाली ठेवला.

"मुलाचा फोटो आणलाय का तुम्ही?" ती मोठ्यानं म्हणाली.

सोनाजींची बहीण तोंडाला पदर लावून बघत राहिली. मुलीनं असं विचारायची पद्धत हट्ट्यात नव्हती; हिंगोलीतही नव्हती. फोटो होता. राणी तो घेऊन सगळ्यांना घरात घेऊन गेली आणि पाऊण तास त्या बिचाऱ्याची चौकशी करत राहिली. पगार, रक्तगट, वाचनाची आवड, मराठी की इंग्रजी. सोनाजींना झाडाचं विसरायला झालं. जाताना ते जळबांना म्हणाले, "कळवतो." जळबा मान हलवत होते. त्यांचं लक्ष दाराबाहेर मांडवाकडे होतं.

आठ दिवसांनी निरोप आला, मुलगी फार पुढची आहे, आम्हाला झेपायची नाही. जो माणूस तिला नकोच होता, त्यानं तिला नाकारलं होतं. असा अपमान कुठं नोंदवायचा याची तिला माहिती नव्हती. नीलाबाई दोन दिवस तिच्याशी रुग्णाशी बोलावं तसं बोलल्या.

दरम्यान वसमतला फळ धरलं होतं. बोटभर झालं, वीतभर झालं. राणीला माहीत होतं, आता तोडायला हवं. पण जळबा हात लावू देईनात. "लोंबल्याशिवाय कसं तोडायचं? दोडका असो का दुधी, मांडवाला लोंबतं तवाच फळ म्हणायचं. ही आधी वर जाईल, मंग लोंबंल." फळ जमिनीवर पडल्यापडल्या वाढत राहिलं. हातभर झालं, मांडीएवढं झालं. बाबूसिंग तांड्यावरून मुद्दाम बघायला आला आणि बराच वेळ बघत राहिला.

"जळबाभाऊ, हे पोरगं जड व्हायलंय," तो म्हणाला. "चढतीला गाडी घेत न्हाई आता."

त्या दिवशी भाकरी अर्धी. दुसऱ्या दिवशी चतकोर. तिसऱ्या दिवशी सकाळी राणीला ते पुन्हा भिंतीसमोर बसलेले दिसले.

तेव्हा तिनं सुतळी आणली. जळबा सहाला उठत, ती साडेपाचला उठू लागली. डिसेंबरचं धुकं, हाताला दव, पानांचे काटे. बुंध्याला सुतळीचा सैल फास, वर बांबूला गाठ, आणि रोज बोटभर ओढ. खालची गाठ पानांत लपवायची, वरची मांडवाच्या बांधणीत खपून जायची, माती सारखी करायची, परत येऊन चूल पेटवायची. चौथ्या दिवशी जळबा परसातून धावत आले.

"राणे! उठली! हलली जागची!"

"खरंच?"

"चार बोटं वर हाय. पद्मा म्हणत नव्हती?" त्यांनी त्या सकाळी दोन भाकऱ्या खाल्ल्या, ठेचा मागितला, तिखट लागला म्हणून शिवी दिली आणि किशनरावांना बोलावून आणलं. किशनरावांनी फूटपट्टी लावून प्रगती प्रमाणित केली.

त्यानंतर राणीचे पंधरा दिवस फार चांगले गेले. ती पहाटे खोटं बोलायची, सुतळीच्या भाषेत, आणि दिवसभर त्या खोट्याला फळं येताना बघायची. बाबा दाढी करू लागले. आगारात जाऊन आले. एकदा स्वतःशीच पूर्वीच्या आवाजात गाडी लागल्याची घोषणा करताना तिनं त्यांना ऐकलं. प्रज्ञेशचा फोन आला तेव्हा ती म्हणाली, "बरे आहेत." "आणि तू?" असं त्यानं विचारलं नाही, एसटीडीचे आकडे पळत होते. जोडीतलं दुसरं माणूस वर्ष काढेल असं तिला पहिल्यांदा वाटलं.

सोळाव्या दिवशी फळ जमिनीपासून सुटायला टिचभर कमी होतं. तेवढी ओढ दिली की ते लोंबेल. लोंबलं की ते तोडतील. तोडलं की ते खरं होईल, सगळंच. राणीनं सुतळी हाताला गुंडाळली आणि ओढली. झुकिनीचा बुंधा आतून पोकळ असतो. हे दोनशे तेराव्या पानावर होतं. तिनं ते पान वाचलं नव्हतं.

आवाज फार मोठा झाला नाही. काकडी मोडावी तेवढाच.

जळबा तोंड पुसत बाहेर आले तेव्हा ती तशीच उभी होती. एका हातात सुतळी, दुसऱ्या हातात मुळापासून तुटलेली वसमत, फळासकट. ते जवळ आले. सुतळी हातात घेऊन नजरेनं तिच्या मागं मागं वर गेले. बांबूवर एकाखाली एक पंधरा गाठी होत्या. जुन्या गाठी सोडायचं तिला सुचलं नव्हतं. त्यांनी त्या सगळ्या वाचल्या.

"तू बांधून राहिली होती?"

"हो."

"म्हंजी ती आपून होऊन चढत नव्हती."

"नाही."

"तुला ठावं होतं?"

"पुस्तकात आहे, बाबा. ती चढत नाही. झुडूपच आहे ते."

जळबा न्हाणीच्या दगडावर बसले. बराच वेळ सुतळी बोटांवर गुंडाळत आणि सोडत राहिले.

"म्हंजी मी म्हणलो तेच बराबर निघालं," ते म्हणाले. "जन्मात एक डाव तिचं खरं करावं म्हणलं. तेबी न्हाई जमलं."

"चहा टाकते."

"नको."

"भाकरी करते गरम."

"नको म्हणलं ना. मला आता काईच नको." ते मांडवाकडे न बघता म्हणाले. "तू जा कॉलेजला. तुला न्हाई समजायचं हे, राणे. माझं माणूस गेलंय."

राणीच्या ओठांवर आता 'हो' यायला हवं होतं. अडीच महिन्यांत तो शब्द इतक्यांदा निघाला होता, की त्याला वाट विचारावी लागत नव्हती. बाबांना सांभाळ. हो. साखर कमी टाक. हो. तुला नाही समजायचं. ती त्याची वाट पाहत राहिली, आणि तो आला नाही. हातातली वसमत तिनं खाली ठेवली, मातीचे हात तसेच घेऊन त्यांच्यासमोर मातीत बसली आणि म्हणाली,

"बाबा, माझी आई गेली."